प्रतिमा नेमकी कुठे असते? सहा इंची आरशाच्या प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

भाची नववीत आहे. काल तिची विज्ञानाची वही चाळली. ‘प्रकाशाचे परावर्तन’ या धड्याखाली तिनं सुरेख अक्षरात लिहिलंय: सपाट आरशाची प्रतिमा नेहमी आभासी, सुलट आणि वस्तूएवढी असते, ती आरशाच्या मागे असते. मी विचारलं, “मागे म्हणजे कुठे?” तिनं कपाटाच्या आरशावर बोट टेकवलं. “ही काय, इथे. काचेवर.”

एकोणीस वर्षं शाळेत शिकवतेय. वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक हात काचेकडेच जातात. फळ्यावर मी आरशामागे तुटक रेषा काढते, मुलं त्या वहीत उतरवतात, आणि मनातली प्रतिमा काचेला चिकटलेलीच राहते. हे मला फार दिवस खुपतंय.

म्हणून ठरवलं. १५० मिमी व्यासाचा अंतर्वक्र आरसा हातानं घासून त्याची दुर्बीण करायची. नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा आरशापासून जितक्या अंतरावर पडते ते, साधारण १२०० मिमी. घासायला मी आणि भाची, सुतारकामाला दादा. आणि वाटेत जो जो आरसा भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचा: प्रतिमा कुठे आहे?

सुरुवात आजच केली, दिवाळीतल्या पणत्या घरात होत्याच. खिडकीच्या काचेचा तुकडा टेबलावर उभा केला. पुढे ३० सेंमीवर पेटती पणती, मागे न पेटवलेली तशीच दुसरी. खोलीत अंधार केला आणि भाचीला सांगितलं, मागची पणती सरकवत राहा, कुठूनही पाहिलं तरी तीच पेटल्यासारखी दिसेल तिथे थांब. डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत, एक डोळा मिटत तिनं जागा पक्की केली. पट्टीनं मोजलं तर काचेमागे साडेतीस सेंमी. मग तिनं त्या ‘ज्योती’वर बोट धरलं. समोरून बोट जळताना दिसत होतं. ती हसली नाही, बराच वेळ बघत राहिली.

डोकं हलवून जागा शोधायची ही युक्तीच या सगळ्या कामाचा पाया आहे. प्रतिमा आणि खूण एकाच ठिकाणी असतील तर डोळा कुठेही नेला तरी त्या एकमेकींपासून सुटत नाहीत. मागेपुढे असतील तर लगेच फाकतात.

जाता जाता तिला ज्योती दोन दिसल्या, एकीमागे एक. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणून प्रतिमा दोन. कपाटाच्या आरशाला पेन्सिलीचं टोक टेकवलं तरी टोक आणि त्याची प्रतिमा यांच्यात फट राहते, कारण चकाकी मागच्या बाजूला असते आणि मध्ये काच असते. दुर्बिणीच्या आरशाला ही फट चालत नाही. त्याचा मुलामा पुढच्या पृष्ठभागावरच हवा.

१० नोव्हेंबर, रविवार

काच आली. भंगारात निघालेल्या जहाजाच्या गोल खिडकीची, २५ मिमी जाड. सोबत तेवढीच दुसरी चकती. वरची आरसा होणार, खालची घासायचं टूल. दादानं गच्चीवर २०० लिटरचं पिंप वाळूनं भरून उभं केलं, त्यावर फळी, फळीवर तीन खुंट्या. ८० नंबरची सिलिकॉन कार्बाइडची पूड (नंबर वाढेल तशी पूड बारीक), पाण्याचा फवारा, बादली.

काचेच्या कडा आधी दगडावर मारून घेतल्या. धारदार कड घासताना टवके सोडते आणि एक टवका सगळं काम नासवतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

दोन तास घासलं. पद्धत साधी आहे. खालच्या काचेवर चिमूटभर पूड आणि पाणी, वर दुसरी काच. वरची पुढे-मागे ढकलायची, दर काही फेऱ्यांनी ती हातात थोडी फिरवायची, आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. फिरता फिरता गच्चीवरून समोरचा पांडवगड किल्ला कितीदा तरी पाहून झाला.

भाचीचा प्रश्न फार चांगला होता: “आत्या, दोन्ही सपाट काचा एकमेकींवर घासल्या तर दोन्ही सपाटच राहायला हव्यात ना?” ढकलताना वरची काच खालच्या काठाबाहेर जाते. त्या वेळी वरच्या काचेचा मधला भाग खालच्या काचेच्या काठावर दाबला जातो. म्हणून वरची मध्ये झिजते, खालची कडेला. वरची अंतर्वक्र होते, खालची बहिर्वक्र. आणि हाताचे घासे कितीही ओबडधोबड असले तरी पृष्ठभाग गोलाचाच तुकडा बनतो, कारण कशीही सरकवली, कशीही फिरवली तरी सगळीकडे टेकून राहतील अशा वक्र पृष्ठभागांची जोडी एकच: गोलाची. उंचवटा राहिला तर तोच आधी घासला जातो. यंत्राशिवाय इतकी अचूकता येते ती यामुळे.

काच ओली करून उन्हात धरली. परावर्तित उजेडाचा ठिपका गच्चीच्या भिंतीवर पाडत मागे मागे गेलो. सर्वांत लहान झाला तेव्हा अंतर २.६ मीटर.

२४ नोव्हेंबर, रविवार

एकूण सात तास झाले. ओल्या आरशानं पाडलेला सूर्य आता पुठ्ठ्यावर १.२५ मीटरवर सर्वांत लहान होतो. आकार साधारण १२ मिमी, कडा पुसट. काच अजून खरखरीत आहे, पाण्याच्या थरामुळेच तेवढी चमक येते.

हा १२ मिमीचा गोल म्हणजे ‘किरणांचा ठिपका’ नव्हे, सूर्याची प्रतिमा आहे. सूर्य आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून नाभीय अंतराच्या शंभराव्या भागाहून किंचित लहान प्रतिमा पडते. भाचीनं आकडेमोड स्वतः केली आणि प्रतिमेला हातावर घेतलं. “ही काचेवर नाहीच. माझ्या हातावर आहे.”

खोली मोजली. आरशावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून मध्ये ड्रिलची पाती सरकवून पाहिली. १.१ मिमीची जाते, १.२ ची अडकते. अख्ख्या सहा इंची आरशाचा खोलगटपणा एवढाच. दादाला खरं वाटेना, त्यानं स्वतः पाती सरकवून पाहिली.

इशारा इथेच लिहून ठेवते. पॉलिश होऊन मुलामा चढलेला आरसा उन्हात उघडा ठेवायचा नाही. सुमारे सव्वा मीटरवर कागद पेटेल, डोळ्याचं तर बोलायलाच नको.

१ डिसेंबर, रविवार

१२० नंबर झाला, २२० वर आलो आणि अर्ध्या तासात कर्रर्र असा आवाज. आरशावर चार सेंमीचा ओरखडा. जुन्या ८० नंबरच्या पुडीचा एखादा कण बादलीत राहिला असणार. बादली मीच धुतली होती, नीट धुतली नव्हती. परत १२० वर गेलो. दिवस गेला. आता प्रत्येक नंबरला वेगळी बादली, वेगळा स्पंज, आणि गच्चीवर चपला बंद.

८ डिसेंबर, रविवार

हात दुखत होते, म्हणून आज घासायला सुट्टी. दादाचा दाढीचा आरसा घेतला. अंतर्वक्र, खिडकीबाहेरचं दूरचं झाड भिंतीवर स्पष्ट पडतं ते ४० सेंमीवर. म्हणजे नाभीय अंतर ४०.

मग पणती मुख्य अक्षावर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली आणि पांढऱ्या पुठ्ठ्यानं प्रतिमा शोधली. ६० सेंमीवर पणती असताना प्रतिमा ११८ वर, उलटी, दुपटीनं मोठी. सूत्रानं १२० यायला हवं, वात मापायची म्हणजे इतका फरक चालेल. पणती आरशाकडून लांब नेली तर प्रतिमा जवळ येते आणि लहान होते. ८० वर ठेवली तर प्रतिमाही ८० वर, तेवढीच, उलटी. पणती आणि तिची प्रतिमा अगदी शेजारीशेजारी. ही जागा म्हणजे वक्रता केंद्र, आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याचा मध्य. भाचीला ती फार आवडली, आणि पुढे ती आपल्या फार कामाची आहे.

पणती ४० च्या आत, ३० वर आणली. पुठ्ठा कुठेही धरा, काही नाही. आरशात मात्र सुलटी, मोठी ज्योत. किरण परावर्तनानंतर फाकतच राहतात, मागे वाढवले तरच एकत्र येतात. सूत्र सांगतं आरशामागे १२० सेंमीवर, चौपट मोठी. दादा दाढी करताना स्वतःचा चेहरा मोठा पाहतो तो असा.

आता आजची खरी गोष्ट. पणती ६० वर, पुठ्ठ्यावर प्रतिमा स्पष्ट. मी पुठ्ठा काढून घेतला आणि विचारलं, “प्रतिमा गेली?” ती म्हणाली, गेली. तिला त्याच रेषेत आणखी हातभर मागे उभं करून आरशाकडे बघायला सांगितलं, पण नजर आरशावर नाही, पुठ्ठा होता त्या जागी. दोन मिनिटं गेली. मग ओरडली. उलटी ज्योत हवेत लटकत होती, आरशाच्या आणि तिच्या मध्ये. तिथे पेन्सिल उभी धरली, डोकं हलवलं, पेन्सिल आणि ज्योत सुटल्या नाहीत. पुठ्ठ्यानं प्रतिमा बनवली नव्हती, फक्त अडवली होती.

वर्गात हा प्रयोग मी आजवर एकदाही केला नाही. वास्तव प्रतिमा म्हणजे ‘पडद्यावर घेता येते ती’ एवढं सांगून पुढे गेले. मुलांना पडदा लक्षात राहिला, प्रतिमा नाही.

शेवटी आरशाचा अर्धा भाग वहीनं झाकला. भाचीचा अंदाज: अर्धी ज्योत दिसेल. दिसली पूर्ण, फक्त मंद. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश आरशाच्या प्रत्येक भागावर पडतो, म्हणून आरशाचा कुठलाही तुकडा अख्खी प्रतिमा बनवू शकतो. दुर्बिणीत मुख्य आरशाच्या पुढ्यात छोटा सपाट आरसा बसणार आहे, तरी चंद्राला मध्ये भोक पडणार नाही, ते याच कारणानं.

१५ डिसेंबर, रविवार

२२०, ३२०, ४०० झाले.

२२ डिसेंबर, रविवार

६०० झाला. ओल्या काचेतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. पॉलिशसाठी पिच वितळवलं. राळेसारखा काळा पदार्थ, डांबराचा वास. टूलवर ओतून चौकोनी खाचा पाडल्या आणि कोमट असतानाच आरसा त्यावर दाबून आकार घेऊ दिला. डिसेंबरची थंडी पिचला फार कडक करते, थोडं टर्पेंटाइन घालावं लागलं. नखानं दाबून खूण उमटली तेव्हा समाधान झालं.

२९ डिसेंबर, रविवार

सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पुडीचं गुलाबीसर दूध आणि पिच, पाच तास. मध्यभाग काचेसारखा दिसू लागला, काठ अजून करडा.

काल पाचगणीला जाताना पसरणी घाटात वळणावरच्या बहिर्वक्र आरशापाशी दादाला थांबायला लावलं. वळणापलीकडून वर येणारी एसटी त्यात आधी दिसते, इवलीशी. भाचीला विचारलं, ही प्रतिमा कुठे? “लांब, आरशाच्या खूप मागे.” घरी येऊन स्कूटरच्या आरशावर गणित केलं. नाभीय अंतर ६० सेंमी धरलं आणि गाडी मागे १० मीटरवर, तर प्रतिमा आरशामागे सुमारे ५७ सेंमीवर, अठराव्या हिश्शाएवढी. सपाट आरशात तीच गाडी १० मीटर मागे, पूर्ण मापाची दिसली असती. म्हणजे बहिर्वक्र आरशातली प्रतिमा उलट खूपच जवळ असते. पण ती लहान असते, आणि ओळखीची वस्तू लहान दिसली की मन तिला लांब ढकलतं. मोटारींच्या आरशावर ‘आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत’ अशा अर्थाची सूचना असते ती यासाठी. घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

५ जानेवारी २०२५, रविवार

पॉलिश पूर्ण, एकूण अकरा तास. आज फुको चाचणी. फ्रान्सच्या लेओं फुकोनं ती १८५८ च्या सुमारास दिली आणि आजही घरात आरसा तपासायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही.

मांडणी: आरसा भिंतीशी उभा. वक्रता केंद्रापाशी पांढरा एलईडी, त्याच्यापुढे अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलला सुईनं पाडलेलं बारीक भोक. भोकाची प्रतिमा भोकाशेजारीच पडते. (भाची: “दाढीच्या आरशातले ८० आणि ८०!”) त्या प्रतिमेपाशी दाढीचं ब्लेड, एम-६ स्क्रूवर बसवलेलं, एक फेरा म्हणजे एक मिमी. डोळा ब्लेडच्या मागे. आरशावर अजून मुलामा नाही, नुसती काच चारेक टक्के प्रकाश परत पाठवते, तेवढा पुरतो.

ब्लेड आडवं सरकवत प्रतिमेत घुसवायचं. ते प्रतिमेच्या अलीकडे असेल तर सावली आरशावर एका बाजूनं येते, पलीकडे असेल तर दुसऱ्या बाजूनं. नेमकं प्रतिमेवर असेल आणि आरसा गोलाचा असेल तर सगळा आरसा एकदम करडा होतो. आमचा झाला. प्रतिमा मोजून काढली: २३६४ मिमी. म्हणजे नाभीय अंतर ११८२.

मग भाचीला आरशावर अंगठा मिनिटभर टेकवायला सांगितलं. पुन्हा ब्लेडमागून पाहिलं तर अंगठ्याच्या जागी टेंगूळ. बोटाच्या उबेनं काच फुगली होती. ते तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू विरलं. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान फरक उघड्या डोळ्यांना, एका ब्लेडच्या जोरावर दिसतो. आज रात्री मला लवकर झोप येणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

गोलाचा आरसा दूरच्या ताऱ्याचे सगळे किरण एका बिंदूत आणत नाही, काठाचे किरण जरा अलीकडे जमतात. हवा अन्वस्त, म्हणजे पॅराबोलाचा आकार. आमच्या आरशात मध्याला टेकलेला गोल आणि अन्वस्त यांच्यात अगदी काठाशी फरक ०.३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा तीन दशसहस्रांश. इतक्या लांब नाभीय अंतराला गोलही जेमतेम चालतो, पण प्रयत्न करायचा ठरवलं. लांब, तिरके घासे, पाच पाच मिनिटं, मग तासभर काच थंड होऊ द्यायची, मग चाचणी.

मध्यापासून २० मिमीचा पट्टा आणि ७० मिमीचा पट्टा यांच्या प्रतिमांमध्ये १.९ मिमी अंतर हवं. संध्याकाळी १.६ आलं. थांबलो. आणखी घासून काठ खाली गेला तर परत दोन आठवडे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या दुर्बीण कार्यशाळेत पूर्वी शिकले होते, हात कधी थांबवायचा हेच सर्वांत अवघड. ते आज आठवलं.

१८ जानेवारी, शनिवार

आरसा मुलाम्यासाठी पाठवला. निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून त्याचा सुमारे ०.१ मायक्रॉनचा थर बसवतात. न्यूटनला ही सोय नव्हती. १६६८ मध्ये त्यानं केलेल्या पहिल्या परावर्ती दुर्बिणीचा आरसा तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचा होता आणि तो लवकर काळवंडे.

३१ जानेवारी, शुक्रवार

आरसा परत आला, सांगितलेल्या तारखेपेक्षा आठवडाभर उशिरा. काठाशी बोटाचा ठसा मुलाम्याखाली अडकलाय. वाईट वाटलं, पण झाकलेला अर्धा आरसा आठवला. प्रतिमेला काही होणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दादानं प्लायवूडची चौकोनी नळी केली, आतून १८० मिमी, काळा रंग. तळाशी मुख्य आरसा. त्याच्यापासून १०३० मिमीवर, ४५ अंशात, छोटा सपाट आरसा (हा विकत आणला, ३५ मिमीचा). बाजूला भोक, नेत्रिकेची (डोळा लावायच्या भिंगाची) नळी.

आयुकाच्या गिरवलीच्या वेधशाळेतल्या २ मीटर दुर्बिणीत या जागी बहिर्वक्र आरसा असतो आणि प्रकाश मुख्य आरशातल्या भोकातून मागे बाहेर पडतो. घरच्या कामाला न्यूटनची तऱ्हा सोपी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल शुक्ल अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र होता, पण ढग आले. आज आकाश स्वच्छ. चंद्र अर्ध्याहून थोडा जास्त, पूर्वेला गुरू.

नेत्रिका मुद्दाम लावली नाही. भोकापाशी ट्रेसिंग पेपर धरला, मागे-पुढे केला. नळीच्या बाहेर चंद्र कागदावर उमटला. ११ मिमीचा, उलटा, इतका रेखीव की भाचीनं श्वास रोखून धरला. विवरांच्या कडा कागदावर दिसत होत्या.

मग तिनं विचारलं, आणि मी तीन महिने या प्रश्नाची वाट पाहत होते. “आत्या, कागदापर्यंत प्रकाश शेवटी कुठल्या आरशावरून आला?” सपाट. “पण पुस्तकात सपाट आरशाची प्रतिमा नेहमी आभासी असते. आणि ही तर कागदावर आहे.”

दोघी गच्चीवर टॉर्च लावून बसलो. मुख्य आरशाचे किरण ११८२ मिमीवर जमायला निघालेले. १०३० वर सपाट आरसा आडवा आला. अडवला नसता तर ते त्याच्या मागे १५२ मिमीवर चंद्र जमवणार होते. सपाट आरशानं तो अजून न जमलेला चंद्र उचलून तेवढ्याच अंतरावर आपल्या पुढे, बाजूला, आणून ठेवला. वस्तू खरी असली, किरण फाकत आले, तर सपाट आरशाची प्रतिमा मागे आणि आभासी. किरण जमत येत असले तर वस्तूच आभासी, आरशामागची, आणि प्रतिमा पुढे, वास्तव. अंतराचा नियम तोच, पणती आणि खिडकीच्या काचेचा. फक्त बाजू बदलल्या. गिरवलीचा बहिर्वक्र आरसाही असंच करतो, त्याच्याही नावापुढे पुस्तकात ‘नेहमी आभासी’ लिहिलेलं असतं.

तिनं वही मागवली. ‘नेहमी’ हा शब्द खोडला नाही. त्याच्याआधी बारीक अक्षरात लिहिलं: समोर खरी वस्तू असेल तर.

मग २५ मिमीची नेत्रिका लावली, ४७ पट. चंद्र, मग गुरू, पट्टे पुसट पण दिसले, शेजारी एका रेषेत उपग्रहांचे ठिपके. दादा, वहिनी, शेजारच्या आजी, सगळे रांगेत. नेत्रिकेची नळी सैल आहे, डोळा लावला की हलते. रविवारी आतून फेल्टची पट्टी लावायची.